वाटसरूची रुचि

नव्या गांवीं उतरलेला मनुष्य दोन प्रश्न हटकून विचारतो. येथें जेवावयास उत्तम ठिकाण कोणतें, आणि पाहण्यासारखें काय आहे? प्रश्न साधे दिसतात. पण दहा जणांस विचारावें तर दहा उत्तरें मिळतात, आणि उत्तर देणारा प्रत्येक जण आपलेंच खरें असें शपथेवर सांगावयास तयार असतो. कोणी म्हणतो, वर तेलाचा तवंग नसेल तर तो रस्साच नव्हे; दुसऱ्यास त्याच रश्श्याच्या वासानें ठसका लागतो. व्यक्ति तितक्या प्रकृति, एवढें म्हणून बहुतेक लोक हा वाद मिटवितात. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें तर वाद तेथें मिटत नाहीं. खरा विचार तेथूनच सुरू होतो. कारण रुचि ही एकट्या जिभेची नसते. ती मनुष्याच्या मुलुखाची, धर्माची, काळाची आणि समाजांतील त्याच्या स्थानाचीही असते. याचें उदाहरण शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. देवगिरीचा किल्ला, खुलताबादचे दर्गे, वेरूळचीं लेणीं आणि आतांचें छत्रपती संभाजीनगर हा सुमारें तीस किलोमीटरांचा टापू शतकानुशतकें वाटसरूंचा राबता पाहत आला आहे, आणि त्यांतील कित्येकांनीं आपल्या आवडीनिवडी लिहून ठेविल्या आहेत.

मोरोक्को देशांतील टँजियर गांवचा इब्न बतूता हा या वाटसरूंतील सर्वांत प्रसिद्ध. महंमद तुघलकानें १३२७ सालीं देवगिरीस आपली राजधानी केली व तिला दौलताबाद हें नांव दिलें. पुढें १३४२ सालीं त्याच सुलतानाचा वकील म्हणून चीन देशीं जाण्यास दिल्लीहून निघालेला इब्न बतूता वाटेंत या शहरीं उतरला. त्याच्या प्रवासवर्णनांत दौलताबादचीं द्राक्षें व डाळिंबें आहेत; तीं वर्षांतून दोनदां येतात याची नोंद तो अगत्यानें करतो. किल्ल्याच्या अंधारकोठडींतील मांजरापेक्षां मोठे उंदीर त्यांत आहेत, रत्नांचा व्यापार करणारे धनाढ्य हिंदु सावकार आहेत. पण त्याची लेखणी विशेष रमली आहे ती गाणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या बाजारांत. गालिचे अंथरलेलीं दुकानें आणि त्या बाजारांतच असलेल्या मशिदी, हें सर्व त्यानें बारकाईनें टिपिलें आहे.

याच प्रवासांत नंदुरबारास तो मराठ्यांच्या आहाराविषयीं लिहितो. भात, भाजीपाला आणि तिळाचें तेल हें त्यांचें अन्न. जेवणापूर्वीं ते स्नान करितात, प्राण्यांस पीडा देणें त्यांस मान्य नाहीं, मद्य ते घेत नाहींत, असें त्याचें निरीक्षण आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जेवण कोणत्या पदार्थांचें होतें व कोणत्या नियमांनीं होत असे हें तो सांगतो. चवीला कसें होतें हें सांगत नाहीं. इब्न बतूता पेशानें काजी होता. धर्मशास्त्र जाणणाऱ्याची नजर ताटावर पडली, तरी तिला प्रथम दिसला तो आचार.

त्याच शतकांत याच मुलुखाविषयीं एक मराठी पोथी सिद्ध झाली. तिचें नांव स्थानपोथी. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी १३ व्या शतकांत पैठण, वेरूळ व गोदातीरच्या गांवोगांवीं फिरले. म्हाइंभटानें लीळाचरित्रांत त्यांच्या आठवणी गोळा केल्या, आणि पुढें स्थानपोथींत त्या आठवणी जेथें घडल्या त्या जागांची मोजदाद झाली. कोणत्या गांवीं, कोणत्या देवळांत, कोणत्या दिशेस स्वामी बसले. देऊळ पूर्वाभिमुख कीं उत्तराभिमुख. त्याच्या उजव्या हातास काय, डाव्या हातास काय, हें त्या पोथींत आहे. हें मराठींतील एक जुनें स्थलदर्शक पुस्तकच म्हणावें लागेल. पण त्यांत उत्तम, रमणीय, प्रेक्षणीय अशा विशेषणांस फारसा वाव नाहीं. ज्या श्रद्धाळूसाठीं ती लिहिली, त्यास स्वामी बसले ती जागा हीच श्रेष्ठ. मग तें पडकें देऊळ असो कीं झाडाखालचा दगड असो. भिक्षेंत येईल तें खावें, रुचीच्या मागें लागूं नये, अशी त्या पंथाची शिकवण असल्यामुळें अन्नाच्या चवीचा प्रश्न तर वाटेंतच संपला.

शतक एक, प्रदेश एक, आणि चित्रें दोन. काजीच्या चित्रांत बाजार गजबजलेला आहे. भक्ताच्या चित्रांत देवळाचीं अंगणें निवांत आहेत. दोघेही खरें बोलत आहेत. मात्र एकाचें पुस्तक हातीं घेऊन दुसरा निघाला असता, तर दोघांसही आपण फसलों असें वाटलें असतें.

स्थळांची गोष्ट अन्नापेक्षां निराळी नाहीं. वेरूळास क्रमांक दिलेलीं लेणीं ३४ आहेत. त्यांतील पहिलीं १२ बौद्ध, पुढचीं १७ हिंदु आणि शेवटचीं ५ जैन. बहुतेक प्रवासी १६ व्या क्रमांकाचें कैलास लेणें पाहून थक्क होतात आणि बाकीचीं घाईनें उरकतात. परंतु १० व्या क्रमांकाच्या लेण्यास 'सुताराची झोपडी' असें नांव आहे. छताला लांकडी वाशांसारखे दगडी वासे कोरलेल्या त्या चैत्यांतील बुद्धमूर्तीस सुतार मंडळी आपला आद्य पुरुष विश्वकर्मा मानून नमस्कार करीत आलीं आहेत. त्यांच्या लेखीं डोंगरांतील सर्वांत थोर लेणें तें. जैन यात्रेकरूची पावलें थेट उत्तरेकडील टोंकास इंद्रसभेकडे वळतात. फ्रेंच प्रवासी तेव्हनो १६६६ सालीं सुरतेहून या बाजूस आला आणि वेरूळचें वर्णन त्यानें आपल्या देशबांधवांस ऐकविलें. पुण्याच्या दरबारांतील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट १७९४ सालीं येथें आला. जेम्स वेल्स हा चित्रकार व गंगाराम तांबट हा त्याचा पुण्याचा साथीदार यांनीं लेण्यांचीं चित्रें काढिलीं. वेल्सच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलनें १८०३ सालीं लंडनांत चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. लंडनच्या दिवाणखान्यांत ज्यांनीं तीं चित्रें पाहिलीं, त्यांनीं वेरूळास अद्भुत भग्नावशेष मानलें. त्याच वेळीं शेजारच्या घृष्णेश्वरास येणाऱ्या यात्रेकरूस तें जागतें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र होतें. एकाच गांवांत दोन वाटसरू, पण एक उतरला भूतकाळांत आणि दुसरा देवाच्या दारीं.

युरोपांत प्रवाशांची संख्या वाढली तशी या मतभेदांवर तोडगा म्हणून एक खूण निघाली. मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेनें इटलींतील चित्रांपुढें त्यांच्या योग्यतेप्रमाणें एक, दोन, तीन अशीं उद्गारचिन्हें छापिलीं. जर्मनीच्या बेडेकरनें उद्गारचिन्हांच्या जागीं तारका आणिल्या. पुढें मिशलँ या टायर बनविणाऱ्या फ्रेंच कंपनीनें १९०० सालीं मोटारवाल्यांसाठीं एक पुस्तिका काढिली, आणि १९२६ पासून तीत चांगल्या भोजनगृहांस तारका मिळूं लागल्या. लोकांनीं दूरदूर जेवावयास जावें म्हणजे टायर झिजतील, हा हिशेब अगदींच चुकीचा नव्हता. तारका सोयीची खरी. परंतु चाखणाऱ्याचें गांव, वय, व्रत आणि खिसा यांपैकीं कांहींच ती सांगत नाहीं. इब्न बतूताचें वर्णन अजून उपयोगी पडतें याचें कारण तो कोण होता हें आपणांस ठाऊक आहे. तारकेमागचा मनुष्य मात्र कायमचा पडद्याआड असतो.

रुचि जशी माणसागणिक बदलते, तशी ती काळागणिकही बदलते. संभाजीनगरच्या खाद्यपदार्थांत नान-खलियाचें नांव पहिल्यानें निघतें. तंदुरांत भाजलेली मऊ पिवळसर नान आणि मसालेदार रश्श्यांत शिजविलेलें मांस, असा हा बेत. तुघलकाच्या लष्कराबरोबर तो दिल्लीहून आला अशी लोकश्रुति आहे, आणि मोठ्या समुदायास एकदम वाढतां येणारें हें अन्न लष्करास सोयीचें होतें यांत शंका नाहीं. परंतु आज त्या रश्श्यास जी लाल मिरची लागते, ती तुघलकाच्या आचाऱ्यानें डोळ्यांनींही पाहिली नसेल. मिरची मूळची अमेरिका खंडांतील. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास उतरला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापारांतून ती हिंदुस्थानांत आली. त्यापूर्वीं तिखटपणाचें काम मिरीं, पिंपळी आणि आलें करीत. दौलताबादच्या रस्त्यावर टोपल्या भरून दिसणारीं सीताफळें घ्या, किंवा पेरू घ्या. हींही फळें मूळचीं अमेरिकेकडचीं असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आज जो प्रवासी या गांवचें अस्सल जुनें म्हणून जें जें हौसेनें खातो, त्यांतील बरेंचसें इब्न बतूताच्या ताटांत येणें शक्य नव्हतें. अस्सल हा शब्द वापरण्यापूर्वीं कोणत्या शतकांतलें, असें विचारणें बरें.

आतांपर्यंत ज्यांची गोष्ट झाली ते निवड करूं शकणारे वाटसरू. बहुसंख्य वाटसरूंपुढें निवडीचा प्रश्न नसे. पोटांत कांहीं पडतें कीं नाहीं, हा असे. त्यांच्यासाठीं या मुलुखांत मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेल्या खडकी गांवाचें पुढें औरंगाबाद झालें. तेथें मध्य आशियांतून आलेल्या नक्षबंदी साधूंचा तकिया होता. बाबा शाह मुसाफिर हे त्यांतील प्रमुख. त्यांचें नांवच मुसाफिर. डोंगरांतील पाणी नळानें आणून त्याच्या जोरावर जी पाणचक्की तेथें फिरत असे, ती या तकियांत उतरणाऱ्या फकिरांसाठीं व यात्रेकरूंसाठीं धान्य दळीत असे. घृष्णेश्वराचें देऊळ १८ व्या शतकांत पुन्हां बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनीं देशभर धर्मशाळा आणि अन्नछत्रें घातलीं. तेथें उत्तम काय असें कोणी विचारीत नसे. दाराशीं आला त्यास अन्न, हाच धर्म.

मात्र दाराशीं आलेला कोण, हा प्रश्न राहत असे. कोणाची पंगत ओटीवर, कोणाची अंगणांत, आणि कोणास कुंपणाबाहेरून वाढावयाचें, हें जात ठरवी. पैठणच्या एकनाथांनीं श्राद्धासाठीं शिजलेलें अन्न भुकेल्या अंत्यजांस वाढलें, ही कथा मराठी मनानें शेंकडों वर्षें जपली. ती जपली याचा अर्थ असाही होतो कीं तसें रोज घडत नव्हतें.

या टापूंतील प्रवासाच्या इतिहासांत १९३४ सालची एक हकीकत याच कारणासाठीं सर्वांपेक्षां अधिक मोलाची आहे. त्या सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सहलीस निघाले. वेरूळचीं बौद्ध लेणीं पाहावयाचीं, हा बेत नक्की होता. नाशिकहून सुमारें तीस मंडळी निघालीं आणि वाटेंत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबलीं. मुलूख निजामाच्या राज्यांतला, महिना रमजानचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्यानें भरलेलें एक लहान टांकें होतें. प्रवासाच्या धुळीनें माखलेल्या कांहीं जणांनीं त्या पाण्यानें हातपाय व तोंड धुतलें. इतक्यांत पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान मागून ओरडत आला, कीं अस्पृश्यांनीं टांकें बाटविलें. गर्दी जमली, शिव्याशाप झाले. एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यासही तुम्ही येथें पाणी घेऊं देणार नाहीं काय, असें बाबासाहेबांनीं विचारलें, तेव्हां कोणास उत्तर सुचलें नाहीं. अखेरीस किल्ला पाहण्याची मोकळीक मिळाली, ती आंत कोठेंही पाण्यास स्पर्श करावयाचा नाहीं या अटीवर. आणि लक्ष ठेवण्यास एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यांत आला.

ही हकीकत बाबासाहेबांनीं स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेविली. त्या त्यांच्या पश्चात् १९९० सालीं पुस्तकरूपानें बाहेर आल्या. दोष कोणा एका धर्मावर टाकून मोकळें होतां येऊं नये, इतक्या त्या आठवणी सर्वस्पर्शी आहेत. बडोद्यास सरकारी नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानास पारशी उतारगृह सोडावें लागलें, तें लाठ्या घेऊन आलेल्या जमावामुळें. त्याहून जुनी आठवण १९०१ सालची. मसूर स्टेशनावर उतरलेलीं लहान मुलें बैलगाडीनें वडिलांकडे निघालीं. डब्यांत भरपूर जेवण होतें. पण त्यांस पाणी कोणी देईना, आणि पाण्यावांचून घांस गिळवेना. रात्रभर मुलें उपाशी राहिलीं. घरीं मायेनें बांधून दिलेलें अन्न जवळ असून तीं उपाशी राहिलीं, हें उत्तम अन्नाच्या शोधाविषयीं बोलणाऱ्या प्रत्येकानें ध्यानीं ठेवावें. रुचि ही बसावयास जागा आणि प्यावयास पाणी मिळाल्यानंतरची गोष्ट आहे.

ज्यास दौलताबादेस पाण्यापाशीं अडविलें, त्याच पुरुषाच्या अध्यक्षतेखालीं भारतीय राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या त्या घटनेच्या १५ व्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें, तशाच विहिरी, तलाव व स्नानघाट यांचीं नांवें घेऊन सांगितलें आहे, कीं धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणा नागरिकास तेथें मज्जाव होतां कामा नये. देशाच्या मूलभूत कायद्यांत उपाहारगृहाचें नांव घालावें लागलें, यावरूनच त्यापूर्वींचा इतिहास वाचतां येतो. त्याच १९५० सालीं बाबासाहेबांच्या संस्थेनें औरंगाबादेस महाविद्यालय काढिलें. तें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें.

यानंतरच्या काळांतील वाटसरू पाहावयाचा असेल तर पुण्याकडच्या रस्त्यानें वाळूजपर्यंत यावें. तेथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आणि भोंवतीं वाढलेल्या कारखान्यांच्या आधारानें जी वस्ती उभी राहिली, तें बजाजनगर. येथें किल्ला नाहीं, लेणें नाहीं. प्रवाशांच्या पुस्तकांत या गांवास तारका मिळण्याचा संभव नाहीं. पण मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून, खानदेशांतून, वऱ्हाडांतून आणि पुढें उत्तरेकडील प्रांतांतूनही पोटासाठीं घर सोडून आलेला मनुष्य हाही वाटसरूच. त्याचा शोध एका सुट्टीपुरता नसतो; पाळी संपली कीं रोज तो भुकेला होतो आणि रोज त्यास आपल्या घरची चव आठवते.

या शोधास महाराष्ट्रानें जुनेंच एक उत्तर दिलें आहे, तें म्हणजे खाणावळ. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतला व घाटावरचा गडी आपल्याच बाजूच्या बाईकडे महिनेवारीनें जेवत असे, कारण त्याच्या जिभेचें वळण तिला न सांगतां कळत असे. त्या खाणावळवाल्या बायकांना सावकारांच्या कचाट्यांतून सोडविण्यासाठीं प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें, आणि तेव्हां कोठें हें रांधणें म्हणजे मोठा धंदा आहे हें बँकांच्या ध्यानीं आलें. बजाजनगरासारख्या वसाहतींतून तीच परंपरा चालत आहे. पाटीवर 'घरगुती जेवण' हे दोन शब्द असतात. आंत शिरणाऱ्याच्या मनांत मात्र आणखी एक प्रश्न असतो: कोणाच्या घरचें? जालन्या-बीडकडच्या माणसास ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी लागते. जळगांवच्यास कळण्याची भाकरी, भरीत आणि शेवभाजी आठवते. पाटण्याकडचा तरुण भाकरीपुढें गोंधळून भाताची वाट पाहतो. चाणाक्ष खाणावळवाली म्हणूनच 'काय वाढूं?' असें विचारण्यापूर्वीं 'गांव कोणतें?' असें विचारते. सातशें वर्षांच्या प्रवासवर्णनांनीं जें शिकवावें, तें तिच्या या एका प्रश्नांत आहे. उत्तम काय याचें उत्तर, खाणारा कोण हें कळल्याखेरीज देतां येत नाहीं.

तिच्या या प्रश्नांत धोका नाहीं असें मात्र नव्हे. 'गांव कोणतें?' हाच प्रश्न पूर्वीं जात काढण्यासाठींही विचारला जात असे, आणि उत्तरावर पाण्याचा तांब्या पुढें करावा कीं मागें घ्यावा हें ठरत असे. शब्द तेच, हेतु बदलला म्हणजे त्यांचा अर्थ बदलतो. आवड जाणून घेण्यासाठीं विचारलेला प्रश्न पाहुणचार होतो, पायरी ठरविण्यासाठीं विचारलेला तोच प्रश्न अपमान होतो.

बजाजनगराला लागूनच पंढरपूर नांवाचें गांव आहे. लोक त्यास छोटें पंढरपूर म्हणतात. दूरच्या पंढरीस जाणें ज्यांस जमत नाहीं, ते आषाढी एकादशीस येथल्या विठ्ठलापुढें मोठ्या गर्दीनें जमतात. त्या दिवशीं घरोघर आणि वाटेवर उपवासाचा फराळ असतो. साबुदाण्याची खिचडी, तींत शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, जोडीस रताळ्याचा कीस. नियम इतका कडक, कीं गव्हाचा कण चालत नाहीं; आणि गंमत अशी, कीं ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करितात तो कंद धरून या फराळांतील बहुतेक जिन्नस समुद्रापलीकडच्या अमेरिकेंतून गेल्या पांचशें वर्षांत आलेले. चक्रधरस्वामींच्या काळच्या मनुष्यास त्यांतील एकही ओळखतां आला नसता. तरी ज्या श्रद्धेनें तो फराळ वाढला व खाल्ला जातो, ती खोटी ठरत नाहीं. परक्या जमिनींतलें पीक ज्या घरानें आपलें म्हणून देवापुढें ठेविलें, त्या घरास परक्या गांवचा मनुष्य आपला म्हणून पाटावर बसविणें जड जाऊं नये.